हातानं लिहिणं जड जाणाऱ्या मुलांसाठी टायपिंगचं साधन: मराठी माध्यमात काय चालतं?

मुलुंड_पूर्व

पाचवीतल्या मुलीसाठी विचारते आहे. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. डिसग्राफियाचं, म्हणजे लिहिण्याच्या अक्षमतेचं, निदान झालं आहे. तोंडी विचारलं तर उत्तर पूर्ण येतं, कागदावर तेच दोन ओळींत संपतं. शाळा वर्गात टाइप करू द्यायला तयार आहे. अटी तीन: इंटरनेट नको, कॅमेरा उघडा नको, आणि बाकाशी प्लग मिळणार नाही. साधन आम्हीच आणायचं. परदेशी पालकांच्या चर्चांमध्ये अल्फास्मार्ट निओ या फक्त लिहिण्यासाठीच्या छोट्या यंत्राचं फार कौतुक दिसतं. ते घ्यावं, की टॅब आणि कीबोर्ड, की साधा लॅपटॉप? मराठीसाठी कीबोर्डवरची कोणती मांडणी शिकवावी? पुढे बोर्डाच्या परीक्षेत हे चालतं का?

लॅमिंग्टन_रोड

निओचं आधी सांगतो. मराठीसाठी घेऊ नका.

यंत्र म्हणून ते फार विचारपूर्वक केलेलं होतं. ३ पेन्सिल सेलवर ७०० तास चालतं असं कंपनी सांगायची. आठ फाइलींना आठ बटणं. दाबलेलं प्रत्येक अक्षर आपोआप जपलं जातं, सेव्ह हा प्रकारच नाही. चालू केलं की थेट लिहायला सुरुवात. पण २०१३ साली ते बनणं थांबलं, आता मिळतं ते वापरलेलं. पडद्याला आतून उजेड नाही, त्यामुळे पावसाळ्यातल्या अंधाऱ्या वर्गात वाचायला त्रास होतो. आणि मुख्य म्हणजे त्यात देवनागरी नाही.

एक पळवाट लोक सुचवतात. निओ यूएसबीनं संगणकाला जोडलं की ते स्वतः कीबोर्डसारखं वागतं आणि साठवलेला मजकूर पुन्हा टाइप करून देतं. त्या वेळी संगणकाची मांडणी मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) ठेवली तर देवनागरी उमटते. हे खरं आहे, पण लिहिताना मुलीच्या समोर पडद्यावर 'किती' या शब्दासाठी 'के एफ एल आर' अशी रोमन अक्षरं दिसणार. आपण काय लिहिलं ते तिला वाचताच येणार नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला निओ आजही चालेल, तुम्हाला नाही.

त्याचे गुण मात्र लक्षात ठेवा. उघडलं की कोरं पान, आपोआप जपणूक, दिवसभर बॅटरी, लक्ष वेधणारं दुसरं काही नाही. हे साध्या लॅपटॉपमध्ये आणता येतं. खाली लिहितो.

ओटी_परळ

ताई, खरेदी थोडी लांबवा. आधी मुलीचं अडतं कुठे ते पाहा, कारण टायपिंगनं सगळ्याच अडचणी सुटत नाहीत.

एक सोपी तपासणी करा. इतिहासाचा एक प्रश्न घ्या. एकदा तिनं हातानं लिहावं. दुसऱ्या दिवशी तशाच प्रश्नाचं उत्तर तिनं सांगावं आणि तुम्ही शब्दाला शब्द लिहून घ्यावं, मदत न करता. सांगितलेलं उत्तर लांब आणि सुसंगत असेल, तर अडथळा हात आणि अक्षर यांच्यात आहे. तिथे टायपिंगचा उपयोग होतो. सांगितलेलंही विस्कळीत असेल, तर आधी उत्तराची मांडणी शिकवावी लागेल: मुद्दे, क्रम, जोडणारे शब्द. कीबोर्ड ते काम करत नाही.

देवनागरीत हाताची मेहनत जास्त का पडते तेही समजून घ्या. अक्षर काढलं की हात वर जातो मात्रेसाठी, खाली जातो उकारासाठी, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, रफार मागे जाऊन द्यायचा, शेवटी शिरोरेघ. प्रत्येक शब्दात हात पुढे-मागे फिरतो. ज्या मुलाचा अंतराचा अंदाज कच्चा आहे त्याची ओळ इथेच मोडते. टाइप करताना हे सगळं एका सरळ क्रमात येतं, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना टायपिंगचा फायदा इंग्रजीपेक्षा कमी होतो हा समज चुकीचा आहे.

आता वेग मोजा. बालभारतीच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा घ्या. ५ मिनिटं हातानं उतरवून घ्यायचा. शब्द मोजू नका, मराठीत शब्दांची लांबी फार बदलते. अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं. ५ नं भागा. हीच मोजणी टायपिंगची दर पंधरा दिवसांनी करा, दर वेळी नवा उतारा. टायपिंगचा वेग हाताच्या वेगाला गाठेपर्यंत वर्गात साधन नेऊ नका. त्याआधी नेलं की मूल वर्गाच्या मागे पडतं, चारचौघांत अवघडतं आणि मग साधनालाच नाही म्हणतं. बहुतेक घरांत टायपिंग फसतं ते इथेच, उपकरणाच्या निवडीत नाही.

आणि हात दुखतो का, पेन फार घट्ट धरते का, बुटाची लेस आणि शर्टाची बटणं यांतही अडचण येते का, हे पाहा. तसं असेल तर ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत यासाठीचे उपचार) तपासणी वेगळी करून घ्या. केईएम, नायर, शीव आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था, चारही ठिकाणी ओटी विभाग आहेत. बोटं कमकुवत असतील तर कीबोर्डच्या बटणांचा दाबही विचारात घ्यावा लागतो.

विशेष_शिक्षिका_दादर

ओटींशी पूर्ण सहमत. एक भर: हाताचं लिखाण बंद करू नका. नाव, तारीख, गाळलेल्या जागा, जोड्या लावा, आकृतीला नावं देणं, पुढे फॉर्म आणि सही, हे हातानंच राहणार. टायपिंग लांब उत्तरं आणि निबंध यांच्यासाठी.

इनस्क्रिप्ट_ठाणे

मांडणीबद्दल. तीन रस्ते आहेत.

रोमन लिपीतून मराठी, म्हणजे 'शाळा' साठी एस एच ए ए एल ए ए. मोठ्यांना सवयीचं, म्हणून पालक तेच शिकवतात. डिसग्राफियासोबत वाचनाचीही अडचण असलेल्या मुलाला हे सर्वात कठीण. मराठी ध्वनी ऐकायचा, त्याचं इंग्रजी स्पेलिंग ठरवायचं, मग यादीतून बरोबर मराठी शब्द ओळखायचा. एका शब्दाला तीन कामं. ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष यांचा गोंधळही वाढतो. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता मिळतो, तो याच जातीचा.

दुसरा रेमिंग्टन. बऱ्याच टायपिंग क्लासमध्ये हाच शिकवतात, कारण तो टाइपरायटरवरून आला. त्यात अक्षराचे तुकडे जोडायचे असतात आणि पहिली वेलांटी आधी द्यायची असते. मुलांसाठी नको.

तिसरा इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातली ही मांडणी, सर्व भारतीय लिप्यांना एकच. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे आयती असते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, प चा फ. डावीकडे शिफ्टशिवाय मात्रा आणि शिफ्टसकट पूर्ण स्वर: ा चा आ, ी चा ई. मुलांना हा नियम पटकन सापडतो, पाठांतर निम्मं होतं.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. फक्त मधली ओळ. उजवीकडे एच पासून प, र, क, त, च, ट. डावीकडे ए पासून ो, े, ्, ि, ु. एवढ्यावर खरे शब्द होतात: रोप, पोट, टोक, चोच, पुरे, तेच. आणि हलन्त (अक्षर अर्धं करणारं ्) मधल्या ओळीतच डी वर असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात जोडाक्षरं: पत्र (प, त, हलन्त, र), चक्र, पुत्र. जी जोडाक्षरं हातानं काढताना मूल रडकुंडीला येतं ती इथे चार-पाच दाबांत होतात. त्याचा आत्मविश्वासावर काय परिणाम होतो ते पाहण्यासारखं असतं. मग वरच्या ओळीतले ा आणि ी, नंतर खालचे म, न, ल, स, य आणि अनुस्वार. शिफ्टची अक्षरं सर्वात शेवटी. रोज १५ मिनिटं, त्याहून जास्त नको. एफ आणि जे वरचे उंचवटे बोटांना सापडले पाहिजेत. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नका, पडद्याच्या खाली मांडणीचं छापील चित्र ठेवा. स्टिकर लावले की मान खालीच राहते.

गिरगाव_शाळा

स्टिकरबद्दल माझं मत वेगळं आहे. सुरुवातीला स्टिकर नसेल तर दोन बोटांनी शोधणारी मुलं चिडतात. पहिले दोन-तीन आठवडे लावा आणि मग ओळीओळीनं काढा, मधली ओळ आधी.

इनस्क्रिप्ट_ठाणे

चालेल, काढायचे हे ठरलेलं असेल तर. स्टिकर पारदर्शक घ्या, इंग्रजी अक्षर झाकलं जाऊ नये, तिला विज्ञान इंग्रजीत टाइप करायचं आहे.

नेहमीच्या चुका लिहून ठेवतो, शिकवणाऱ्याला उपयोगी पडतील.

पडद्यावर तुटक ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मात्रा अक्षराआधी दाबली गेली आहे. बहुतेक वेळा ही पहिली वेलांटी असते, कारण हातानं ती आधी काढायची सवय. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम: 'स्थिती' म्हणजे स, हलन्त, थ, ि, त, ी.

रफार: र आणि हलन्त आधी, मग अक्षर. 'कर्म' म्हणजे क, र, हलन्त, म. 'दऱ्या', 'सुऱ्या' मधला र वेगळा: शिफ्ट आणि जे वरचा ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतला तर 'दर्या' होतं.

बॅकस्पेस एका वेळी एकच तुकडा पुसतो: 'की' वर दाबला तर आधी फक्त ी जाते. डिलीट मात्र विंडोजवर अख्खं अक्षर मात्रेसकट उडवतो. बाणाचं बटणही पूर्ण अक्षर ओलांडतं. त्यामुळे जोडाक्षराच्या मध्ये जाऊन दुरुस्ती होत नाही. मुलांना सांगा: अक्षर चुकलं की पूर्ण अक्षर पुसून पुन्हा टाइप करायचं.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांना मूळ इनस्क्रिप्टमध्ये जागाच नाही. इंग्रजीत प्रश्नचिन्ह जिथे असतं तिथे, म्हणजे शिफ्टसकट य च्या बटणावर, य़ येतो. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर जायचं, चिन्ह द्यायचं, परत यायचं. पहिल्या महिन्यात याचा आग्रह नको, प्रश्नाला पूर्णविराम दिला तरी चालवून घ्या.

ओटी_परळ

फार उपयोगी. यात बोटांच्या बाजूनं दोन सेटिंग जोडते.

ज्या मुलांचं बोट बटणावर रेंगाळतं त्यांचं 'कककक' होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्डच्या खाली रिपीट डिले (दाबून ठेवलेलं अक्षर पुन्हा उमटायला लागण्याआधीचा वेळ) सर्वात लांब करा. एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. बोट थरथरून एकच बटण दोनदा दाबलं जात असेल तर फिल्टर कीजमधलं बाउन्स कीज लावा. ते ठरावीक वेळेच्या आत आलेला तोच दाब मोजत नाही. वेळ कमीत कमी ठेवा. मोठी ठेवली तर 'ममता', 'ननंद' अशा शब्दांत एक अक्षर गळतं आणि शिक्षक ते शुद्धलेखनाची चूक धरतात.

स्टिकी कीज: शिफ्ट पाच वेळा सलग दाबलं की विंडोज खिडकी उघडून विचारतं. अक्षर शोधताना मूल नुसतंच शिफ्ट पुन्हा पुन्हा दाबत राहिलं तर ही खिडकी येते आणि मूल गोंधळतं. शॉर्टकट बंद करा. उलट एका हाताचा वापर कमी असलेल्या मुलाला स्टिकी कीज मुद्दाम चालू ठेवा. शिफ्ट दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला लागू होतं.

वाशी_पालक

टॅबवर बोटानं टाइप केलं तर? आयआयटी मुंबईच्या आयडीसीनं (डिझाइन विभागानं) केलेला स्वरचक्र कीबोर्ड चांगला आहे असं ऐकलं.

इनस्क्रिप्ट_ठाणे

स्वरचक्र कल्पना म्हणून सुंदर आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं आणि मात्रेच्या दिशेला बोट सरकवायचं. बाराखडी येणाऱ्या मुलाला काही शिकवावं लागत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना, किंवा घरी थोडं लिहायला छान. पण पडद्यावर टाइप करताना डोळे अक्षरांवरच अडकतात, पुस्तकातून पाहून उतरवताना सारखी नजर हलते. दहा ओळींच्या उत्तराला खरा कीबोर्डच हवा.

लॅमिंग्टन_रोड

आता साधन.

टॅब आणि कीबोर्ड: हलका, बॅटरी चांगली. शालेय दप्तर धोरण २०२० नुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं. पाचवीतल्या मुलीला दीड-दोन किलोचा लॅपटॉप जड होतो, हा टॅबच्या बाजूचा मोठा मुद्दा. पण दुकानातच एक गोष्ट करून पाहा: बाहेरचा कीबोर्ड जोडून मराठी मांडणी निवडता येते का आणि 'स्थिती', 'दऱ्या' बरोबर उमटतात का. पडद्यावरच्या कीबोर्डला मराठी येते म्हणजे जोडलेल्या कीबोर्डलाही येईलच असं नाही. टॅबनुसार फरक पडतो. हे न पाहता घेतलेले टॅब नंतर पडून राहतात.

ब्लूटूथ कीबोर्ड काही मिनिटं शांत राहिला की झोपतो, आणि जागा होताना पहिली एक-दोन अक्षरं गिळतो. मुलीला वाटतं तिचंच चुकलं. शिवाय परीक्षेत ब्लूटूथला हरकत येणारच. म्हणून वायरचा कीबोर्ड, ओटीजी (टॅबला यूएसबी वस्तू लावता येणाऱ्या) जोडणीनं. टॅबला एकच टाइप-सी भोक असतं, तिथे कीबोर्ड लागला की चार्जिंग बंद. वर्गात प्लग नाहीच, तेव्हा अडत नाही. घरी दोन्ही एकदम लागत असेल तर चार्जिंग पुढे पाठवणारा हब मागून घ्या, साधा हब नको.

कीबोर्ड: दोन बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पूर्ण आकारात १९ मिमी असतं. छोट्या हाताला थोडं कमी चालतं, पण गुंडाळी होणारे रबरी आणि घडीचे कीबोर्ड टाळा, बोटांना दाब कळत नाही. आवाज न करणारा मेंब्रेन प्रकार घ्या. टकटक आवाजाचा मेकॅनिकल कीबोर्ड वर्गात दोन दिवसांत नकोसा होतो, आणि टोमणे मुलीला ऐकावे लागतात.

जुना लॅपटॉप: ११ ते १२ इंची, ४ जीबी रॅम, हार्डडिस्क काढून एसएसडी. त्यावर हलकं लिनक्स आणि लिहायला फोकसरायटर. ते पूर्ण पडदा व्यापतं, आपोआप जपणूक करतं, फुकट आहे. लॉगिन न विचारता थेट तेच उघडेल असं लावता येतं. निओचा गुण मिळाला. लिनक्सच्या कीबोर्ड यादीत भारतीय मांडण्यांखाली मराठी इनस्क्रिप्ट असते. वायफाय बंद करून भागत नाही, मुलं चालू करतात. वायफायचं कार्ड काढून ठेवा, बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ते एक-दोन स्क्रूंवर असतं. कॅमेऱ्यावर अपारदर्शक पट्टी.

घेताना दोन गोष्टी तपासा. बॅटरी: पूर्ण चार्ज करून पडदा निम्म्या उजेडावर ठेवा आणि लिहायचं सॉफ्टवेअर उघडं ठेवून किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहा. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. दुसरं, बंद करून बॅटरी काढून पुन्हा चालू केल्यावर तारीख मागे जाते का. गेली तर आतला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो बदला. नाहीतर फाइलींवर चुकीच्या तारखा पडतात आणि कालचा गृहपाठ शोधता येत नाही.

विंडोज ठेवलंत तर वर्डमध्ये ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवर असतं, ते १ मिनिटावर आणा.

विशेष_शिक्षिका_दादर

आता वर्गात काय करायचं ते. पालक उपकरण आणतात आणि पुढचं शाळेवर सोडतात, पण 'वही पूर्ण' कशी करायची हे ठरलेलं नसेल तर पहिल्या वही तपासणीलाच सगळं थांबतं.

टाइप केलेलं पान वहीत चिकटवायचं. एफोर कागदावर दोन पानं शेजारी छापा, म्हणजे प्रत्येक एफाइव्ह आकाराचं होतं, १४८ बाय २१० मिमी. हे फुलस्केप वहीच्या पानावर व्यवस्थित बसतं आणि समासात बाईंना शेरा लिहायला जागा राहते. आठवड्यातून एकदा छपाई पुरते. गोंदाची कांडी वापरा, पातळ गोंदानं शाई पसरते आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात.

दोन पानं शेजारी छापताना मजकूर आपोआप लहान होतो. म्हणून फाइलीतच पानाचा आकार एफाइव्ह निवडा, मग अक्षरं १४ चीच छापली जातात. दोन ओळींतलं अंतर दीडपट. फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी', दोन्ही फुकट. मुक्ता हा मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेनं केलेला आहे. ल आणि श नीट पाहा: बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि पाठ्यपुस्तकातले मराठी वळणाचे असतात. ज्या मुलीला अक्षराचा आकार लक्षात ठेवणंच जड जातं तिला दोन वेगळे ल दाखवू नका. फॉन्ट मराठी वळण देत असेल तर मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावर ते येतं.

फाइलीचं नाव ठरवून टाका: विषय, महिना, दिवस. प्रत्येक विषयाला एक फोल्डर. पेनड्राइव्ह दप्तरात नको, हरवतो. घरी आल्यावर नक्कल काढायची.

फळ्यावरचं उतरवणं टाइप करूनही दमवतं. शिक्षकांना विनंती करा की फळ्यावरचा मोठा मजकूर छापून द्यावा. आणि शाळेत डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका असतात, त्या फाइली मिळाल्या तरी तुमच्या लॅपटॉपवर अगम्य चिन्हं दिसतात. शाळेला युनिकोडमध्ये किंवा सरळ छापील द्यायला सांगा.

गणित टाइप करायचा अट्टहास नको. उभी मांडणी, हातचे, भागाकार यांना १ सेमी चौकटींची वही जास्त उपयोगी: एका चौकटीत एक अंक. आठवीनंतर समीकरणं लांबली की वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबर चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडते. ३/४ लिहून स्पेस दिली की अपूर्णांक उभा राहतो. भूमिती हातानंच.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. बाक तिरक्या झाकणाचा आहे. कीबोर्ड घसरेल?

ओटी_परळ

घसरतो, आणि मनगटही वळतं. खणात पसरतात ती जाळीदार रबरी चटई मीटरवर मिळते. कीबोर्डपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. उतार जास्त असेल तर खालच्या कडेला पुठ्ठ्याची पाचर देऊन सपाट करा. कोपर कीबोर्डच्या पातळीला यायला हवं. मोठ्या मुलांसाठीचे बाक असतात तिथे उंची वाढवायला बसायला उशी द्यावी लागते, आणि मग पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली लाकडी पाट. पाय टेकलेले नसतील तर खांदे ताठरतात आणि अर्ध्या तासात बोटं थकतात. जागा भिंतीकडची पहिली किंवा दुसरी रांग, खिडकीचा उजेड पडद्यावर पडणार नाही अशी.

परीक्षा_केंद्र

बोर्डाबद्दल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता २१ प्रकारांमध्ये आहे. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक यांचा उल्लेख आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक अक्षमता प्रमाणित असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत देण्याचीही तरतूद आहे. शाळेला पत्र लिहिताना कलमाचा क्रमांक द्या. प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असते. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक, नायर आणि केईएम इथे ही तपासणी होते. एका भेटीत होत नाही: कान-डोळे, बुद्ध्यांक, शैक्षणिक चाचणी, शाळेचा अहवाल, वह्यांचे नमुने. जुन्या वह्या रद्दीत घालू नका.

सीबीएसईत संगणकावर उत्तरं टाइप करण्याची सोय नियमातच आहे. स्वतःचा, फॉरमॅट केलेला लॅपटॉप न्यायचा, केंद्रावर संगणक शिक्षक तो तपासतात, इंटरनेट नाही. भरपाई वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला ४ तास. बॅटरी त्या हिशेबानं हवी.

तुमचं राज्य मंडळ. तिथे जादा वेळ आणि लेखनिक या सवलती रुळलेल्या आहेत. लॅपटॉपसाठी मुख्याध्यापकांमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करा आणि प्रमाणपत्राच्या जोरावर तो गृहीत धरू नका. लेखी परवानगी हातात हवी. अर्जासोबत जोडण्यासारखी सर्वात वजनदार गोष्ट म्हणजे आठवी-नववीच्या शाळेच्या परीक्षा टाइप करून दिल्याची नोंद. म्हणून पाचवीपासून सुरुवात योग्य आहे. लेखनिकाचा सरावही सोबत ठेवा. उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे: विरामचिन्हं सांगायची, किती लिहून झालं ते लक्षात ठेवायचं, लेखनिकाच्या वेगाला थांबायचं.

आणि इथे मांडणीचा प्रश्न पुन्हा येतो. रोमनवरून मराठी करणारे कीबोर्ड शब्द सुचवतात. भाषेच्या पेपरला पर्यवेक्षक त्यावर आक्षेप घेऊ शकतात, आणि तो रास्त आहे. इनस्क्रिप्ट काहीच सुचवत नाही, दाबलं तेच उमटतं. स्पेलिंग तपासणी आणि ऑटोकरेक्ट दोन्ही बंद करून दाखवता आले पाहिजेत.

छपाईची रंगीत तालीम करा. केंद्रावरच्या संगणकात तुमचा फॉन्ट नसतो, वर्डची फाइल तिथे उघडली की ओळी आणि पानं सरकतात. लॅपटॉपवरच पीडीएफ करा, त्यात फॉन्ट आतच साठवला जातो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर बैठक क्रमांक आणि पान क्रमांक येईल असा साचा आधीच करून ठेवा. प्रश्न क्रमांक मात्र मुलीनंच टाइप करायचे, हा सराव घरी हवा. घाईत तोच राहतो.

वाशी_पालक

पावसाचं कोणी लिहिलं नाही. लोकलनं किंवा बसनं जाणाऱ्यांचं काय?

लॅमिंग्टन_रोड

दप्तराच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून शिवणीतून येतं. साधन आधी झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत, मग मऊ पाकिटात, दप्तरात पाठीच्या बाजूला, पाण्याच्या बाटलीपासून लांब. पिशवीत सिलिका जेलची रंग बदलणारी पुडी ठेवा, रंग बदलला की नवीन. ओल्या हातानं कीबोर्ड उघडायचा नाही, छोटा नॅपकिन सोबत.

पाणी गेलंच तर चालू करून पाहू नका. लगेच बंद, चार्जर आणि कीबोर्ड काढा, कीबोर्ड पालथा ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, बटणांखालचे पातळ थर वाकतात. पंख्याखाली दोन दिवस ठेवा. वायरचा साधा कीबोर्ड स्वस्त असतो, म्हणून जूनमध्येच त्याच मॉडेलचा दुसरा घेऊन ठेवा. मॉडेल तेच हवं. वेगळ्या कीबोर्डवर शिफ्टची लांबी आणि एंटरचा आकार बदलतो, आणि सवय झालेल्या बोटांचं करंगळीचं काम चुकायला लागतं.